नानयची पावलं

दोघांनीही डावा पाय एकदमच पुढे टाकला आणि जोवेलिनचा गुडघा बापाच्या गुडघ्यावर आपटला. मोबाइल धरून उभी असलेली धाकटी पिया म्हणाली, "तातय, बाई कोण आणि पुरुष कोण, ते आधी ठरवा ना."



फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराजवळच्या त्या गावात एकट्या आईबापांच्या घरांसाठी नाचाच्या व्हिडिओची स्पर्धा होती. घरातली सगळी माणसं नाचताना दिसली पाहिजेत, एवढीच अट. पियानं परस्पर नाव दिलं. तातय रागावतील असं जोवेलिनला वाटलं होतं, पण ते नुसतं बरं म्हणाले. मुलींची आई, नानय, वारल्यापासून ते सगळ्यालाच बरं म्हणत. वेल्डिंगचं दुकान उघडलं तरी बरं, बंद राहिलं तरी बरं. पुढच्या आठवड्यात जोवेलिन रियाधला घरकामाला निघणार होती, त्यालाही बरं. असा माणूस नऊ वर्षांच्या पोरीला कसा सांभाळणार, या घोरानं तिची झोप उडाली होती. जाण्याआधी एकदा तरी त्यांना सावरलेलं बघावं, म्हणून तिनं ही स्पर्धा धरून ठेवली.

गावच्या संताच्या उत्सवात तातय आणि नानय दरवर्षी चौकात वॉल्ट्झ नाचत. लोक बाजूला होऊन बघत. तातय कामावर गेले की नानय घरी तालीम करायची, जोवेलिनला पुरुष करून. त्यामुळे बाप आणि लेक, दोघांनाही पुरुषाचीच पावलं येत होती.

पलीकडच्या गावाहून आलेली नानयची आई, मुलींची आजी लोला कोनसेसा, काळा झगा घालून दाराशी शेंगा सोलत बसली होती. वर्ष सरेपर्यंत या घरात नाच नको, हे तिनं सकाळपासून सगळ्यांना ऐकवलं होतं. आता ती जावयाला म्हणाली, "माझ्या लेकीच्या थडग्याचं सिमेंट अजून वाळलं नाही, नेस्तोर. एवढ्यात पाय शिवशिवायला लागले?"

बरं म्हणून ते आत निघून जातील, असं जोवेलिनला वाटलं. पण ते तिथंच उभे राहिले.

"ती पाय कसे टाकायची, ते मला आठवत नाही, आई," ते म्हणाले. "मी तिच्या तोंडाकडेच बघायचो. पायांकडे कधी बघितलंच नाही."

लोलाचे हात थांबले.  मग ती मान वर न करताच म्हणाली, "उजवा. मागे. मग डावा बाजूला, आणि उजवा त्याच्याजवळ. मीच शिकवलं होतं तिला."

तातयनी जोवेलिनचा हात आपल्या पाठीवर ठेवून घेतला आणि उजवा पाय मागे टाकला. दुसऱ्याच फेरीला त्यांनी मान वळवून बघितलं.

"मागचं काही दिसत नाही गं."

"नानयलाही दिसत नव्हतं, तातय."

"तिला मी होतो ना."

तुम्हाला मी आहे, असं म्हणायला जोवेलिननं तोंड उघडलं आणि मिटलं. पाठीवरचा हात घट्ट करून ती पुढे निघाली. भिंत आली, तिनं त्यांना वळवलं. लोलाची खुर्ची आली, तिथूनही वळवलं. तातयनी डोळे मिटून घेतले होते.

पियानं मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला आणि ती बहिणीच्या शेजारी येऊन उभी राहिली. जोवेलिनच्या पायांकडे बघत, ओठांत पावलं मोजत, तिनंही पुरुषासारखा डावा पाय पुढे टाकला.