उजवा खण आणि सोनूबाईंची विळी

मी खण बोलतोय. टेबलाचा नाही आणि देव्हाऱ्याखालचाही नाही. मी एका जीपच्या मागच्या भागात बसवलेला, चाकांवरून गावोगाव हिंडणारा खण आहे. माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ आहे, डावा खण. त्याच्या पोटात पान्हे, जॅक, दोरखंड आणि हवा भरायचा पंप असतो. माझ्या पोटात स्वयंपाकघर असतं. आमच्यात थोर कोण यावरून आमची कुरबुर चालते, पण भूक लागली की सगळे माझ्याकडेच येतात.

आमचा जन्म रत्नागिरीजवळ भाट्याला, एका माडाच्या सावलीतल्या अंगणात झाला. आमचे जन्मदाते महिपत. त्यांची सारी उमर बोटीवर गेली, तीही खाली इंजिनाच्या खोलीत. समुद्रावर इतकी वर्षं राहून त्यांनी समुद्र फारसा पाहिलाच नाही. दर सुट्टीत ते बायकोला, सोनूबाईंना, सांगायचे, "पुढच्या खेपेला तुला फिरवून आणतो." पुढच्या खेपेला कौलं परतायची निघायची, नाहीतर कुणाचं लग्न निघायचं, नाहीतर बोटीवरून बोलावणं लवकर यायचं. होता होता सोनूबाईंनी विचारणंच सोडून दिलं. हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. खणासमोर माणसं फार मोकळेपणाने बोलतात.

निवृत्त झाल्यावर महिपतांनी एक जुनी जीप घेतली. चारही चाकांना जोर असलेली, चिखलातून नि दगडांतून चढणारी. तिच्या बॉनेटवर हात ठेवून त्यांनी घरात हाक दिली, "ऐकलंस गो? आता फिरायला जायचं. वेळणेश्वर, गुहागर, पार तुज्या माहेरी, बुरोंडीपर्यंत."

सोनूबाई दारात येऊन म्हणाल्या, "मी नाय येत. हाटेलातलं माज्या घशाखाली उतरत नाय. आनि दुसऱ्याच्या चुलीम्होरं पावणी होऊन बसायला मला जमत नाय. माजं सैपाकघर येत असंल तर मी येते."

विषय मिटावा म्हणून त्या असं बोलल्या होत्या. पण महिपत पडले बोटीवरचे. तिथे वरून आलेला हुकूम अक्षरशः पाळायचा असतो. त्यांनी मान डोलावली आणि त्याच दिवसापासून स्वयंपाकघर जीपमध्ये कसं न्यायचं याचा विचार सुरू केला.

मुंबईला असलेल्या लेकीने, ऋतिकाने, फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी दूरदेशी एक दाढीवाला माणूस आपल्या गाडीत स्वतः खण बसवत होता. महिपतांनी तो इतक्या वेळा पाहिला की मी जन्माला यायच्या आधीच त्यांना पाठ झालो होतो. त्या दाढीवाल्याच्या खणात कुऱ्हाड होती, तंबू होता, कॉफीचं भांडं होतं. तेवढ्याने त्याचं भागत होतं.

महिपतांना हे सगळं सोनूबाईंना न सांगता करायचं होतं. त्या स्वयंपाकाला बसल्या की हे टेप घेऊन आत शिरायचे आणि काहीतरी शोधल्यासारखं करून कुकर मोजायचे, मसाल्याचा डबा मोजायचे, तवा, परात, तांदळाचा डबा मोजायचे. सोनूबाई नारळ खवता खवता विचारायच्या, "काय हुडकताय?" आणि हे म्हणायचे, "काय नाय, चष्मा." चष्मा नाकावरच असायचा. घरातली एकूण एक वस्तू त्यांनी मोजली. एकच राहिली, आणि ती कशी राहिली ते पुढे कळेलच.

मग माझं घडणं सुरू झालं. जीपच्या आत चाकांच्या कमानी वर आलेल्या असतात, त्यांचा आकार त्यांनी आधी पुठ्ठ्यावर कापून घेतला. पाण्याने न फुगणारं प्लायवूड आणलं, करवतीने कापलं, कडा पॉलिशपेपरने अशा घासल्या की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत. गुण्या लावून कोपरे जुळवले, सरस लावून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलं. दोन्ही बाजूंना जाड पोलादी चॅनेल बसवले, ज्यांच्यावरून मी मागेपुढे सरकतो. जीपच्या तळाला उंचवटे होते, म्हणून आमच्याखाली चार बोटं पोकळी सोडून सांगाडा बोल्टांनी आवळला. वर सपाट फळी टाकली, म्हणजे तिच्यावर गादी घालून झोपताही येईल. पुढच्या काठाला एक दुमडता पाय लावला. मी पूर्ण बाहेर आलो की तो जमिनीवर टेकतो आणि मी वाकत नाही.

शेवटी त्यांनी आम्हाला बोटीवरचा एक संस्कार दिला. खण सरळ ओढला तर उघडतच नाही, आधी किंचित उचलावा लागतो. "लाटेत सुटलेला खण गुडघे फोडतो," असं ते डाव्याला बजावत होते. मी उजवा असूनही ते लक्षात ठेवलं.

मी दिसायला देखणा झालो होतो, हे मी सांगू नये, पण दुसरं कोण सांगणार? माझा तळ एकसंध, गुळगुळीत, वॉर्निशने चकचकीत. त्या तळाचा मला भारी अभिमान होता. वाडीतले लोक बघायला येऊ लागले. माणसांची एक गंमत मी तेव्हाच टिपली. खण रिकामा आहे हे दिसत असतं, तरी प्रत्येक जण त्यात हात घालून बघतो. मग दोनदा आतबाहेर करतो, "वा" म्हणतो, आणि आपल्या घरी असं काहीतरी करायला हवं असं बोलून निघून जातो. पुरुष असेल तर जाताना एखादा स्क्रू आत टाकून जातो, लागेल कधीतरी म्हणून.

शुभारंभाच्या दिवशी शेजारच्या बाबल्याला देवाला गाऱ्हाणं घालायला बोलावलं. त्याने टोपी सारखी केली, हात जोडले आणि मोठ्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, महिपतनं ह्या गाडीत जे खण बशिवल्यान, त्यांची राखन कर. ह्या दोघांना जोडीनं ने आनि जोडीनं परत घेऊन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो, पण माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

नारळ फुटला. महिपतांनी छाती फुगवून मला बाहेर ओढलं. कुकर आपल्या जागी, डबा आपल्या जागी, तवा आपल्या जागी. सोनूबाई बघतच राहिल्या. चष्मा सारखा का हरवत होता ते त्यांना तेव्हा कळलं, आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. एवढं हसू मी त्या घरात प्रथमच बघत होतो. "सगळं मावलं गो," महिपत म्हणाले. "आता येशील ना?"

"येईन की," असं म्हणत सोनूबाई आत गेल्या आणि फुटलेला नारळ खवायला आपली विळी घेऊन आल्या. "हिची जागा कुठली?"

महिपतांचा चेहरा पडला. आता सांगतो ती एक वस्तू मोजायची का राहिली. टेप घेऊन ते स्वयंपाकघरात शिरत तेव्हा प्रत्येक वेळी सोनूबाई त्या विळीवरच बसलेल्या असत. बाईखालची विळी त्यांना कधी दिसलीच नाही.

विळी उंच होती. पाटावर उभं पातं, त्याच्या टोकाला खवणीचे दात. बाजारात मिळते तशी ती दुमडत नव्हती, कारण तिचं पातं दाभोळच्या लोहाराकडून करून आणून सोनूबाईंच्या बाबांनी स्वतःच्या हाताने पाटाला ठोकलं होतं. लग्नात बुरोंडीहून ती त्यांच्याबरोबर आली होती. महिपतांनी ती माझ्यात उभी ठेवली आणि मला आत ढकललं. खवणी वरच्या फळीला थडकली. आडवी घातली तर कुकर बाहेर राहिला, आणि दातांवर टोपीसारखी घातलेली करवंटीही गळून पडली.

"आडवी नको," सोनूबाई म्हणाल्या. "दात उघडे राहिले तर कुणाचा हात फाटंल."

बाबल्याने सुचवलं, "वरून वाईच कापून टाक की रे."

"तिच्या बापाशीनं ठोकलेलं मी कापू?" महिपत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नागिरीच्या बाजारातून एक नवी, चकचकीत, दुमडणारी विळी आणली. सोनूबाईंनी तिच्यावर एक वाटी खवली. खोबरं जाड पडलं. त्यांनी नवी विळी पुसली, खोक्यात परत ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "राहू दे वो. नायतर नायच जाऊ. घरात काय वाईट हाय?" त्यांनी माझ्यातला एकेक डबा उचलून स्वयंपाकघरात नेला.

मला फार वाईट वाटलं. रिकामा खण म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. महिपत जीपच्या मागच्या काठावर पाय सोडून बसून राहिले. इतक्या सुट्ट्या मोडल्या, आणि आता सगळं जमून आलेलं दोन बोटांनी हुकलं. मध्येच त्यांनी मला बाहेर ओढलं, खाली वाकून माझ्या पोटाखाली हात घातला आणि ती मोकळी सोडलेली पोकळी चाचपली. त्यांच्या मनात काय आलं ते मी ओळखलं.

सकाळी त्यांनी विळीचा पाट माझ्या तळावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारली. मग ड्रिलने कोपऱ्यात भोक पाडलं आणि त्यातून पातळ करवत घातली. माझा एकसंध, गुळगुळीत, चकचकीत तळ! डावा म्हणाला, "सोस आता, थोर ना तू?"

आवाज ऐकून सोनूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "अवो, काय करताय? नव्या खणाला भोक?"

"तुजी विळी बसायला हवी ना," महिपत भुसा फुंकत म्हणाले. "तिला कापायची नाय, तर ह्याला कापतो. हा माजाच हाय, काय बोलत नाय."

बोलत नाही म्हणे. पण खरं सांगू, त्या वाक्यानंतर दुखायचं थांबलं.

भोकाखाली त्यांनी पोकळीत लोंबतील अशा दोन मजबूत पट्ट्या ठोकल्या आणि विळीचा पाट वरून दाबून बसवला. तो खाली पोकळीत उतरला, घट्ट, जणू तिथेच उगवला होता. मला आत ढकललं. करवंटीची टोपी घातलेली खवणी फळीखालून बोटभर अंतराने सरकत आत गेली आणि कडी खट्कन पडली. महिपतांनी मला उघडलं आणि पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं.

"आता खवून दाखव," ते म्हणाले.

सोनूबाईंनी विळी काढून खाली घ्यायला हात घातला. ती निघेना. त्यांनी जरा रागाने नवऱ्याकडे पाहिलं, नारळाची वाटी उचलली आणि उभ्याउभ्याच खवणीवर धरली. एकदा फिरवली, मग जरा जोराने. विळी हलत नव्हती, पायाने दाबायला लागत नव्हती. मऊ, बारीक खोबरं ताटात पडू लागलं. सोनूबाईंचे गुडघे अलीकडे दुखायचे. विळीवरून उठताना त्या भिंतीला धरायच्या, पण याबद्दल कुणाकडे बोलायच्या नाहीत. ती वाटी संपली. त्यांनी दुसरी घेतली.

"अजून एक नारळ आणा," त्या म्हणाल्या.

महिपत नारळ घेऊन येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, आणि पाठ मोडली नाही म्हणून नवल करत होत्या. नारळ घेताना त्यांनी विचारलं, "कधी निघायचं म्हनालात?"

आम्ही गेलो. जयगडला जीप फेरीबोटीवर चढली तेव्हा चढणीवर सगळी भांडी मागे घसरली, पण बोटीवरच्या संस्काराला जागून मी उघडलो नाही. वेळणेश्वरला महिपतांचा बोटीवरचा सोबती रघू राहतो. त्याच्या माडाच्या वाडीत आम्ही मुक्काम टाकला. मला पूर्ण बाहेर ओढलं, माझा पाय वाळूत टेकवला आणि सोनूबाईंनी समुद्राकडे तोंड करून नारळ खवला. बांगड्यांची आमटी झाली. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने रघूच्या घरालाच जेवू घातलं. रघूची बायको उभी विळी बघून नवऱ्याला म्हणाली, "मलापन अशी करून हवी," आणि तेव्हापासून रघू महिपतांशी जरा घुश्शातच बोलतो.

जेवणं झाल्यावर सोनूबाई माझ्याशेजारी पाय सोडून बसल्या. खूप वेळ लाटा बघून म्हणाल्या, "तुमी इतकी वर्सं ह्याच्यावर होतात?"

"ह्याच्या खाली," महिपत म्हणाले. "बघतोय आत्ताच, तुज्यासंगं."

पुढे धोपाव्याहून दाभोळला फेरीने उतरून आम्ही बुरोंडीला पोचलो. सोनूबाईंचा भाऊ विठू अंगणात जाळं विणत होता. बहीण जीपमधून उतरलेली बघून तो चक्रावला. तिने मला उचलून बाहेर ओढलं. विठूने विळी पाहिली, करवंटी काढली, आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या वाकड्या खिळ्यावर अंगठा ठेवला. "बाबांचा खिळा," तो म्हणाला. "ह्यो वाकडाच गेला होता, मी धरला होता पाट." मग दोघं भावंडं हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. त्या खिळ्याला जागा देणारा मी होतो. माझा एकसंध तळ मला त्यानंतर कधी आठवला नाही.

आता माझी चकाकी गेली आहे. कडांना हळदीचे डाग आहेत, फटींत सुकलेलं खोबरं आहे, कोपऱ्यात अजून तो कुणाचा तरी स्क्रू आहे. दर थोड्या दिवसांनी सोनूबाईच विचारतात, "आता कुठं?" आणि महिपत टायरची हवा बघायला जातात.

तुम्हीही कधी गाडीत खण बसवणार असाल, तर एक विनंती आहे. लाकूड चांगलं घ्या, कोपरे जुळवा, कडी मजबूत लावा. पण टेप हातात घेण्याआधी आत जा आणि प्रेमाने म्हणा, "वाईच उठ गो, तू कशावर बसलीस ते बघू दे."