एकाच डब्याची गाडी आणि एक मुराळी

मित्रांनो, मी एकाच डब्याची जुनी आगगाडी आहे. 'आगगाडी' म्हणावे की नाही, याची मला स्वतःलाच कधीकधी शंका येते. पुढे इंजिन नाही, मागे डब्यांची रांग नाही. माझ्या पोटाखालीच एक इंजिन बसवलेले आहे आणि वर बाकांच्या दोन ओळी. झाले! एवढीच मी. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे का, तेही मला ठाऊक नाही. पण तुम्ही थांबला आहात, तर सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या आजूबाजूला लांबलचक गाड्यांचे डबे तयार होत. ते एकमेकांना जोडले जात आणि घोळक्याने बाहेर पडत. मला जोडायला कोणी आले नाही. मला वाटले, माझ्यात काही उणे राहिले असावे. मग एका कारागिराने माझ्या दोन्ही टोकांना काच बसवली, दोन्हीकडे ड्रायव्हरची जागा केली, आणि तेव्हा मला कळले की मी अशीच, एकटीच धावायची आहे. त्यामुळे मला पाठ नाही, दोन तोंडे आहेत. मोठ्या गाडीला मागे काय राहिले ते दिसत नाही. मला सगळे दिसते. हे चांगले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

साताऱ्याच्या दुष्काळी माळावरून सांगलीच्या द्राक्षमळ्यांकडे उतरणाऱ्या एका आडबाजूच्या फाट्यावर मला पाठवले. पहिल्या दिवशी लोकांनी माझा मोठाच मान राखला. स्टेशनात शिरले तसे फलाटावरचे लोक बाकावरून उठून उभे राहिले. कोणी डोक्याची टोपी नीट केली. एकाने तर चक्क सलाम ठोकला. मी दार उघडून थांबले, पण चढेना कोणी!

"चढू नगा रं," एक म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "सायबाची गाडी हाय. तपासणीला आल्यात."

त्या भागात एका डब्याची गाडी आजवर साहेबांचीच येत असे, त्यात त्यांची काय चूक? गार्ड हंबीरराव खाली उतरून ओरडले, "आवं, साहेब न्हाई कुनी! तुमचीच गाडी हाय!" तरी पहिले काही दिवस मी सलाम घेत रिकामीच फिरले.

पुढे चांगले दिवस आले. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, शेळ्या, मेथीच्या जुड्या, सुट्टीवर आलेले फौजी, त्यांच्या लोखंडी पेट्या, सगळे माझ्यात मावत असे. "लहान हाय, पर वेळेला येती," असे लोक म्हणत. मित्रांनो, एवढी स्तुती मला पुष्कळ होती.

मग रस्ते झाले, दारोदारी मोटारसायकली आल्या. आता फाटक बंद झाले की पोरे गाडीची वाट बघत मोटारसायकली बंद करून उभी राहतात. मी जाते आणि ती बघतच राहतात.

"संपली?"

"आरं, ही तर सुरूच झाली न्हाई!"

हसतात बिचारी. मीही हसले असते, पण माझ्या भोंग्याला हसता येत नाही. दुपारच्या फेरीला कित्येकदा माझ्यात फक्त हंबीरराव आणि ड्रायव्हर अमृत असतात. दोघे दोन टोकांना. मधले बाक रिकामे. वळणावर खिडक्या खडखडतात, तेवढीच सोबत.

माझ्या वाटेवर कारंडेवस्ती नावाचा एक थांबा आहे. फलाट म्हणायचा, पण आहे नुसता मुरूम पसरलेला. रुळांच्याच पातळीला. तिथून माझी पायरी माणसाच्या मांडीइतकी उंच येते. तरुण माणूस टांग टाकून चढतो. म्हातारे माझ्याकडे असे पाहतात, की मला माझ्या उंचीची लाज वाटते.

त्या वस्तीवर बनुबाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा मुंबईला असतो. त्यांचे माहेर माझ्या शेवटच्या स्टेशनाजवळ आहे, आणि माहेरी उरला आहे एकटा धाकटा भाऊ, आकाराम. त्याची बायको वारली, मुली आपापल्या घरी गेल्या. पण दर वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी आकाराम धुतलेले धोतर नेसून, खणनारळाची पिशवी घेऊन माझ्यात बसतो. बहिणीला माहेरी आणायला जाणाऱ्या भावाला आपल्याकडे मुराळी म्हणतात. साठीपलीकडचा मुराळी मी दुसरा पाहिलेला नाही. जीपमध्ये बनुबाईंना गाडी लागते, म्हणून हा प्रवास नेहमी माझ्यातूनच.

मागच्या वर्षी मात्र बनुबाईंचे गुडघे धरले होते. आकाराम वरून हात देत होता, त्या खालून दांडी धरत होत्या, पण पाय उचलेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्या घामाघूम झाल्या. त्या दिवशी त्यांचा भावाचा उपासही होता. आतले दोघे प्रवासी उठले. हंबीरराव म्हणाले, "मावशी, आमी तिघं उचलून घेतो. मिनिटाचं काम."

बनुबाई मागे सरल्या. "हात लावू नगा! सासरच्या दारातनं बाईला चार मानसं उचलून नेत्यात ती एकदाच, आन् ती माहेराला न्हेत न्हाईत. मी माझ्या पायानं जानार."

"आक्के, लोकं काय म्हनत न्हाईत गं," आकाराम म्हणाला.

"लोकांचं न्हाई रं. माझं मला वाटतंय."

मग त्या हंबीररावांना म्हणाल्या, "जाऊ द्या तुमची गाडी. माझं माहेर काय पळून चाललंय व्हय?"

आकाराम उतरून त्यांच्याजवळ राहिला. मी निघाले. मागच्या काचेतून मला दिसत होते, बनुबाई पदराने तोंड पुसत होत्या. पंचमी झाल्यावर आकाराम परत निघाला. एकटाच. मांडीवर रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली. मित्रांनो, मोकळी गाडी मी रोजच असते; पण एका माणसाने गाडी इतकी मोकळी वाटू शकते, हे मला त्या दिवशी समजले.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी पिशवीबरोबर एक तिपाई होती. हंबीररावांनी विचारले, "काय पाव्हणं, बसायला जागा न्हाई वाटली का?"

"आक्कासाठी हाय," तो ओशाळून म्हणाला. "औंदा बी न्हाई आली, तर मी आता कुनाच्या दारात मुराळी म्हनून जाऊ?"

आकाराम कारंडेवस्तीला उतरला. परतीच्या फेरीला माझ्यात एकच प्रवासी होता. चांदसाहेब. माळावरच्या धनगरांकडून शेळ्यामेंढ्यांचे लेंडीखत घेऊन तो द्राक्षबागायतदारांना विकतो. माझ्या दाराशी त्याची ठासून भरलेली पोती रचली होती, आणि सगळ्या डब्यात वास सुटला होता.

"चांदसाहेब, ही गाडी हाय का उकिरडा?" अमृतने त्याला चढतानाच विचारले होते.

"अमृतराव, तुमच्या गाडीत मानसं तर बसंनात. निदान लेंड्यांना तरी बसू द्या!"

कारंडेवस्ती आली. बनुबाई नवे लुगडे नेसून उभ्या होत्या, हातात काठी, शेजारी तिपाई घेऊन आकाराम. मागच्या वर्षीपेक्षा वाकलेल्या दिसल्या. आकारामने तिपाई मांडली. त्यांनी एक पाय ठेवला मात्र, तिपाईचा एक खूर मुरुमात रुतला आणि त्या कलंडल्या. आकारामने सावरले म्हणून बरे.

"ऱ्हाऊ दे आक्या. न्हाई व्हायचं आता हे."

"आगं, पुन्यांदा बघू की."

"फुडच्या सालाला मी असंन का नसंन. तूच येत जा हितं. भावानं भनीकडं यावं, त्यात काय एवढं?" त्या हसून बोलल्या, पण त्यांचा आवाज आणि डोळे वेगवेगळे बोलत होते.

हंबीररावांनी घड्याळाकडे पाहिले, मग बनुबाईंकडे. उचलण्याची गोष्ट त्यांनी या वेळी काढली नाही.

तेवढ्यात दारातून एक पोते धपकन खाली पडले. मग दुसरे, तिसरे. मग चांदसाहेब स्वतःच उडी मारून उतरला. "अमृतराव, या की खाली! नुसतं नाक दाबून बसलायसा!"

दोघांनी पोती ओढून माझ्या दाराशी लावली, खाली दोन जोडून, वर एक. पायाने दाबून, ठोकून बसवली. मुरुमात रुतायला त्यांना पायच नव्हते.

बनुबाई साशंक झाल्या. "काय हाय त्यात? धान्य आसंल तर मी पाय देनार न्हाई. लक्ष्मी आसती."

"लेंड्या हायत मावशी," चांदसाहेब म्हणाला. "बकरी दिसभर ह्याच्यावर नाचत्यात. तुमी बिनघोर नाचा!"

बनुबाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या इतक्या हसल्या, की काठी हातातून सुटली. "बघ रं आक्या, माझ्या माहेराची वाट कशी घमघमतीया!"

पण माझे इंजिन चालू होते, आणि ते चालू असले की माझे सगळे अंग थरथरते, दांडीसुद्धा. बनुबाईंनी दांडी धरली आणि पुन्हा सोडली. "ही लय हालतीया बाई."

अमृत आत गेला आणि त्याने इंजिन बंद केले.

मित्रांनो, माझ्या वयाच्या गाडीचे इंजिन वाटेत कोणी बंद करत नाही. ते पुन्हा सुरू होईल की नाही, याची अमृतला खात्री नव्हती. मला तर नव्हतीच. पण मी स्थिर झाले. माळावर एकदम शांतता पसरली. बनुबाईंनी दांडी पकडली. एक पाय पहिल्या पोत्यावर. थांबल्या. दुसरा पाय. मग वरच्या पोत्यावर. आकाराम शेजारी उभा होता, हात पुढे केलेला, पण अंगाला न लावता. मग माझ्या पायरीवर त्यांचा तळवा टेकला आणि ते थोडेसे वजन मला जाणवले. इतक्या वर्षांत माझ्यात कितीतरी माणसे चढली. पण कोणी चढल्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

पोती पुन्हा आत आली. अमृतने इंजिनाला हात घातला. ते नुसते खोकले. पुन्हा खोकले. आकारामने डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, एवढ्या वेळी तरी मला खोटी पाडू नकोस. मग एक काळा धूर निघाला आणि मी सुरू झाले.

बनुबाईंनी खिडकीशी बसून डबाभर नजर फिरवली. "कुनीच कसं न्हाई रं गाडीत?"

"आपून हाय की," आकाराम म्हणाला.

शेवटच्या स्टेशनाचा फलाट उंच आहे. तिथे बनुबाई सरळ चालत उतरल्या. उतरल्यावर वळल्या, माझ्याकडे पाहून दोन्ही हात कानशिलाला लावून त्यांनी कडाकडा बोटे मोडली. "एवढीशी हाय, पर गुनाची हाय." लहान लेकराची दृष्ट काढतात, तशी माझी काढली. आजवर मला सलाम मिळाले होते, हसू मिळाले होते. हे कोणी केले नव्हते. मग ती दोघे फाटकाबाहेर गेली आणि मी पुन्हा एकटी झाले.

मित्रांनो, मोठी गोष्ट सांगण्याची माझी योग्यता नाही. एवढेच सांगते. लहान गाडीला हसा, हरकत नाही, पण तिला मोडीत काढण्याआधी तिच्यातून कोण कुठे जाते ते एकदा बघा. आणि कुणाला चढता येत नसेल, तर लगेच उचलायला धावू नका. त्याच्या पायाखाली काहीतरी द्या आणि शेजारी उभे राहा. जमले तर थोडा वेळ आपली थरथर बंद ठेवा.

कारंडेवस्तीला पायरी अजून झालेली नाही. मी तिथे रोज थांबते. बहुतेक दिवस कोणीच नसते. नुसता मुरूम आणि वारा. तरी निघण्याआधी हंबीरराव दार उघडून वस्तीच्या वाटेकडे पाहतात, आणि मीही पाहते.