चालक वर्षा सुनील आडे

नळावरची बायांची गर्दी ओसरली की मगच वर्षा आडे घागर घेऊन घराबाहेर पडायची. तिचा नवरा सुनील गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात शेजारचे रामधनकाका सकाळी दिग्रसला निघाले होते. वर्षा समोर दिसताच ते थबकले, ओसरीवर परत गेले, घोटभर पाणी प्यायले आणि थोडं थांबून पुन्हा निघाले. तोंडातून एक शब्द काढला नाही. शिवी दिली असती तर वर्षाला इतकं लागलं नसतं.

बंजाऱ्यांचा तांडा लहान. येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत न येता तिथे जगणं सोपं नव्हतं, पण वर्षा ते शिकली. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि सासू मानीबाई, दोघी विधवा. मानीबाईचं बोलणं जेवण, सरपण आणि शेळी एवढ्यापुरतंच. बाकी दिवसभर घरात आवाज असायचा तो फक्त भांड्यांचा.

अंगणात सुनीलची रिक्षा ताडपत्रीखाली उभी होती. तांड्यातले बाजारकरी, आजारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांना सुनील त्या रिक्षातून दिग्रसला नेत असे. एका पहाटे त्याच्याच छातीत कळ आली. रिक्षा दारात होती, टाकीत पेट्रोल होतं, पण ती चालवता येणारा एकटा माणूस खाटेवर तळमळत होता. मोटारसायकलवर तो बसू शकला नाही. दुसऱ्या गावाहून जीप येईपर्यंत वर्षाच्या मांडीवर त्याचा श्वास थांबला.

दिग्रसचा मिस्त्री जफर हा सुनीलचा दोस्त. उभी गाडी खराब होते म्हणून तो अधूनमधून येऊन ती चालू करून बघायचा. एकदा वर्षा दारातूनच म्हणाली, "जफरभाऊ, मले शिकवान का हे चालवायले?"

जफरने हात पुसले. "शिकवतो ना भाभी. पण लोकं बोलतीन."

"माह्याशी कोणी बोलतच नाही. बोलले तर बरंच होईन."

मानीबाईने आतून ऐकलं. संध्याकाळी ताट पुढे सारत ती म्हणाली, "नवरा गेलेल्या बाईनं घरात राहावं का हँडल धरून रस्त्यानं फिरावं?"

"त्या दिवशी मले चालवता आली असती तर, याडी?"

याडी म्हणजे आई. सासूला ती तशीच हाक मारी. मानीबाईने आपलं ताट न जेवताच उचलून ठेवलं.

गावाबाहेरच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मैदानात वर्षा शिकली. जफर शेजारी बसे आणि लोकांना बोलायला जागा राहू नये म्हणून त्याची बायको आरिफा मागच्या सीटवर बसे. डाव्या मुठीतला क्लच सोडताना रिक्षा बेडकासारखी उडायची आणि आरिफा मागून ओरडायची, "या अल्ला, आज तर गेलीच मी!" मग तिघंही हसायचे. सुनील गेल्यापासून वर्षा हसली ती त्या मैदानातच. तांड्याकडे वळताना मात्र ती पदर सारखा करून गप्प होई.

शिकाऊ लायसन निघालं. पक्क्या लायसनसाठी दिग्रसला आरटीओचं शिबीर लागलं, त्या दिवशी जफरने तिला रिक्षासकट तिथे सोडलं आणि गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून तो दुकानावर गेला. आरिफा माहेरी होती. मैदानात पोरंच पोरं होती. कुणाचा बाप सोबत, कुणाचा भाऊ. एका मुलीची आई तिच्या ओढणीला गाठ मारून देत होती.

"तुमच्यासंग कोण आलं?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कोणी नाही," वर्षा म्हणाली.

तिचा नंबर आला. पहिल्याच झटक्यात इंजिन बंद पडलं. मागे कुणीतरी खिदळलं. तिने पुन्हा गाडी चालू केली आणि हळूहळू आठाचा आकडा काढला. पाय एकदाही खाली टेकवावा लागला नाही, कारण रिक्षाला टेकवायचा नसतोच, असं जफर तिला थट्टेने सांगायचा. ते आठवून तिने शेवटचं वळण सफाईने घेतलं. साहेबाने मान वर करून पाहिलं.

"चांगली वळवता. पास."

वर्षा वळली. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. शेजारी एक पोरगा बापाच्या गळ्यात पडला होता, कुणी मोबाईलवर फोटो काढत होतं. लायसन हातात येईपर्यंत एकटीने गाडी चालवायची नव्हती, म्हणून ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि जफरची वाट पाहू लागली. सुनील असता तर त्याने आधी चिडवलं असतं, मग आख्ख्या बाजारात सांगत सुटला असता. तिने पदर तोंडावर घेतला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाई नापास झाली.

लायसन टपालाने आलं, पुढे रिक्षाचा बिल्लाही मिळाला. मानीबाईने लायसन उलटसुलट करून पाहिलं.

"फोटोत कपाळ मोकळं दिसते."

"तसंच आहे ते, याडी."

वर्षा रोज तांड्याच्या फाट्यावर रिक्षा लावू लागली. बाया यायच्या, तिच्याकडे न पाहता पलीकडे उभ्या राहायच्या. "मागून एसटी येऊन राह्यली," असं एकमेकींना सांगायच्या. सकाळी निघताना विधवेचं तोंड बघायचं नाही, मग तिच्याच गाडीत बसायचं कसं? ती रिकामी रिक्षा घेऊन दिग्रसला जाई. तिथे अनोळखी माणसं बसत, भाडं मिळे. संध्याकाळी दवाखान्यातून थकलेली तांड्यातली माणसंही बसायची, पण तांड्याच्या अलीकडेच उतरून पायी घरी जायची. ही रीत एकट्या तांड्याचीच आहे, असं कुणी समजू नये. शिकलेल्यांच्या घरी, फरशी पुसलेल्या दिवाणखान्यातही हळदीकुंकवाचं बोलावणं काही दारं टाळूनच जातं.

मग तांड्याचे नाईक अमरसिंग यांच्या मुलीचं, राखीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या सकाळी अमरसिंग स्वतः वर्षाच्या अंगणात आले. सुनील गेल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. वर्षाने लगबगीने खाट टाकली.

"वर्षा, उद्या रिक्षा लागते. देवदर्शन करून नवरीले मंडपात आणायची हाय."

वर्षाचा चेहरा उजळला. "आणते ना! सकाळीच धुऊन काढते."

अमरसिंग जमिनीकडे पाहू लागले. "तू नाही. चावी दे फक्त. दिग्रसचा अक्षय चालवील."

वर्षाने कमरेची चावी मुठीत धरली.

"गाडी चालते तुमाले," वर्षा हळूच म्हणाली. "गेल्या माणसाची गाडी चालते. त्याची बायको नाही चालत."

"रीत हाय. मी केली का ते?"

"नाही केली. पण तुमी नाईक आहा. तुमी नाही मोडली तं कोण मोडन?"

"तू चावी देते का नाही?"

"रिक्षा येईन तं मीच चालवीन. नाही तं येणार नाही."

अमरसिंग उठले. "तांड्याची गरज पडन तुले."

"रोजच पडते, काका," वर्षा म्हणाली. ते गेल्यावर ती त्याच खाटेवर बसली. मानीबाई दारात उभी होती. ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री सुरू झाली. तांड्यातली घरं रिकामी झाली. वर्षा चुलीपुढे उगीच राख ओढत बसली होती. मानीबाई कोपऱ्यातून एकदम म्हणाली,

"सुनीलच्या लग्नात मी याच खोलीत होती."

वर्षाने वळून पाहिलं. "मले तं सांगितलं होतं, तुमची तब्येत बरी नाही."

"तब्येतीले काय झालतं! नवरदेवाची माय मी. नणदेनं दार लोटलं, मी आतून कडी घातली. बाहेर वाजंत्री, पोरगा बोहल्यावर, अन् मी भिंतीकडं तोंड करून. एकच पोरगा होता वं मले. त्याच्या डोक्यावर अक्षता टाकाच्या होत्या."

वर्षा उठून तिच्याजवळ गेली. इतक्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींना धरून रडल्या.

मग मानीबाईने डोळे पुसले. डब्यातले मूठभर तांदूळ काढले, त्यांना हळद लावली आणि पदरात बांधले.

"रिक्षा काढ."

"याडी, कोणी बोलावलं नाही आपल्याले."

"काढ मनलं ना."

रिक्षा मंडपासमोर येऊन थांबली तशी बाया कुजबुजल्या. काहींनी तोंडं फिरवली. एक म्हातारी पोरांना मागे ओढू लागली. अमरसिंग दोन पावलं पुढे आले आणि थांबले. भर मंडपात एका म्हाताऱ्या बाईला हाकलायचं कसं, हे त्यांना सुचलं नसावं. वर्षा सासूचा हात धरून उतरली. वाट कुणी दिली नाही, पण अडवलीही नाही. राखीने मुंडावळ्यांआडून त्या दोघींकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. मानीबाईने पदर सोडून वर्षाच्या तळहातावर निम्मे तांदूळ ठेवले. सगळ्यांचे हात वर गेले, त्यांचेही गेले.

दोघींना जेवायला थांबा असं कुणी म्हटलं नाही. त्या आल्या तशा रिक्षात बसून परत निघाल्या. मंडपात राखीच्या केसांत, खांद्यांवर, पायांशी अक्षता पडल्या होत्या. त्यांतल्या विधवांच्या कोणत्या, हे तिथे जमलेल्यांपैकी एकालाही निवडून दाखवता आलं नसतं.