चौथा नॉब

ताहेरने पान्हा फरशीवर आपटला. "अंकल, हा नॉब हलत का नाही?"

"आराल्डाइटने चिकटवलाय," जोसेफ म्हणाले, चहात साखर घातलीय म्हणावं इतक्या सहज.

ताहेरने कपाळावर हात मारून घेतला. हे आधी नाही सांगायचं? सकाळपासून या एका माणसाने त्याचा जीव खाल्ला होता. व्हॅनच्या गिअर दांड्याभोवतीच्या रबराच्या, म्हणजे बुटाच्या, फाटून पार चिंध्या झाल्या होत्या. त्या भोकातून पायाशी रस्ता दिसायचा आणि धूळ थेट डोळ्यांत. जोसेफना गाडी चालवता येत नाही, म्हणून ताहेर स्वतः नवीन पनवेलला त्यांच्या घरी जाऊन ती घेऊन आला. तेव्हाच त्या लाकडी नॉबवर त्याचा हात धड बसला नव्हता. मधेच कसला तरी उंचवटा बोटांना टोचत होता. मग "बूट मीच आणतो" म्हणून अंकल कळंबोलीला गेले आणि दोनदा चुकीचा घेऊन आले. तिसऱ्यांदा बरोबर मिळाला, तर आता हे! बूट वरून घालायचा म्हणजे नॉब काढायलाच हवा.

"कापतो," ताहेरने करवत उचलली. "नवा टाकतो, मस्त काळा."

जोसेफनी नॉब मुठीत घट्ट धरला. "कापायचा नाही."

"अहो, मग खालून दांड्यासकट अख्खी लिंकेज उतरवावी लागेल! अर्धा दिवस जाईल. आज जुम्मा आहे, नमाजनंतर मी शटर उघडत नाही, माहितेय ना?"

"सूर्यास्ताला माझा शब्बाथ लागेल, मग उद्या संध्याकाळपर्यंत आम्हा ज्यूंचं सगळं काम बंद. म्हणून तर तुला सकाळी बोलावलं."

"आणि सकाळ तुम्ही कळंबोलीत घालवलीत! त्या लाकडाच्या तुकड्यात सोनं भरलंय का?"

जोसेफनी नॉबच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मग मूठ न सोडता म्हणाले, "ऑपरेशननंतर सोफीची दोन बोटं मिटत नाहीत. तिच्या हाताचं माप घेऊन तासलाय मी. हा चौथा. तिसरा बेलपाड्याच्या वळणावर तिच्या हातात गरकन फिरला आणि गाडी बंद पडली. मागून सगळे हॉर्न मारायला लागले. त्या दिवसापासून तिने चालवली नाही. आठ महिने झाले."

"म्हणून चिकटवलात."

"आता फिरणार नाही. पण ती म्हणते, आधी पायाखालचं भोक बुजवा, मग रविवारी बघू."

सोफीबाई म्हणजे अंकलची बायको आणि ताहेरच्या चौथीच्या बाई; त्यांचं 'बघू' त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. मैदानावर सोडा म्हटलं की बाई म्हणायच्या, बघू. त्या वर्षी मैदान काही दिसलं नव्हतं. आणि तीस वर्षं उरणच्या रस्त्याला गाडी पळवणारी ही बाई आता रिक्षाने भाजी आणते, हे त्याला आज कळत होतं. त्याने करवत भिंतीला टांगली, टोपी खिशात घातली आणि मशिदीकडे निघून गेला.

परत आला तेव्हा जोसेफ गाडीतच बसले होते, डावीकडच्या, नेहमीच्या सीटवर. ताहेरने शटर अर्धं वर केलं आणि जॅक लावला.

"अरे, तुझा जुम्मा..."

"तोंड उघडायचं नाही, अंकल. बॅटरी धरा."

दांडा खालून निघाला, नवा बूट चढला, दांडा पुन्हा बसला. गंजलेल्या एका बोल्टने ताहेरची दोन बोटं सोलली आणि त्याने बोल्टच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडेचार वाजले होते. हात पुसून त्याने फोन लावला.

"बाई, ताहेर बोलतोय. गाडी झाली. न्यायला या."

"तू सोडणार होतास ना रे?"

"कंबर धरलीय, बाई. बसवतसुद्धा नाही." हे अगदीच खोटं नव्हतं.

"मग राहू दे तिथेच. रविवारी बघू."

"गाडी राहील हो. पण अंकल त्यातून उतरत नाहीत, त्यांचं काय करू? शब्बाथचे दिवे लावायच्या आत दोघं घरी पोचाल. रिक्षाने या पटकन."

जोसेफ डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होते. ताहेरने बोट ओठांवर ठेवलं. फोन कट झाला की काय, म्हणून त्याने स्क्रीन पाहिली.

"ताहेर," बाईंचा आवाज आला, "त्यांना विचार, माझा लांबचा चष्मा कुठे ठेवलाय."

त्याने विचारलं. जोसेफनी गाडीतला समोरचा कप्पा उघडला. चष्मा तिथेच होता. गाडीभर धूळ होती, पण चष्म्याच्या काचा लख्ख पुसलेल्या होत्या.