सालीखालच्या खुणा

लोक मला कुंडी म्हणतात, पण माझा पिंड अजून ओंडक्याचाच आहे. तीन फूट लांब, पोटात माती, अंगावर सालीचा पत्ता नाही. मी असा उघडा का, तेच सांगतोय.

मी मेपलचं झाड होतो, तेव्हा अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या एका शेतघराच्या दारात उभा होतो. घर ओरिन आणि आर्डिथ या नवराबायकोचं. दर मार्चला ओरिन गिरमिट घेऊन यायचा, माझ्या अंगात बोटभर भोक पाडायचा आणि तोटी ठोकून रसासाठी बादली टांगायचा. दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या रसाचा गरम पाक आर्डिथ ताज्या बर्फावर ओतायची आणि ओरिन तो लहान मुलासारखा मिटक्या मारत खायचा, ते बघून मी सगळं विसरायचो. वर्ष-दोन वर्षांत भोक बुजायचं, सालीवर वण राहायचा. अशी एकतीस वर्षं गेली.

मग ओरिन गेला. पुढच्याच हिवाळ्यात वादळाने मलाही आडवं केलं. आर्डिथ घर विकून गावात, मुलीजवळ, जेनेलकडे राहायला निघाली होती. तिने दिराला बोलावलं. दीर म्हणजे लाइल. त्याची स्वतःची लाकूडकापणीची गिरणी होती.

"भावजी, याची एक कुंडी करून द्या. गॅलरीत मावेल एवढी. यांच्या हातच्या खुणा आहेत हो याच्यावर."

"वहिनी, अंगणातल्या झाडात खिळे, तोट्या, काय वाट्टेल ते निघतं, पातं मोडतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर दारातून परत पाठवलं असतं."

"म्हणजे करताय ना?"

"न करून सांगतो कुणाला!"

लाइल कामाला वाघ. सालीत खडे असतात, त्यांनी पातं बोथट होतं, म्हणून ओंडका आला की आधी सोलायचा, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. हिवाळ्यात पडलेल्या झाडाची साल घट्ट असते; ठेवली असती तर कितीतरी वर्षं टिकली असती. पण हात चालत राहिले, डोकं भलतीकडेच होतं. आर्डिथ कॉफी घेऊन गिरणीवर आली, तेव्हा माझी साल भुशात पडली होती.

"हे काय केलंत?"

लाइलचा चेहरा उतरला. "वहिनी, अहो, सवयीने..."

"सवयीने! तुमच्या भावाचे एकतीस मार्च होते त्यावर."

ती जाऊन गाडीत बसली. निघून गेली नाही, पण काच वर केली. मलाही फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर लाइलसाठी जास्त.

हात थांबले तर रडू फुटेल, म्हणून तो काम करत राहिला. गिरणीवर त्याने माझा तळ सपाट केला, वरची फळी उतरवली. चेन सॉने आत उभ्याआडव्या चिरा दिल्या आणि पटाशीने ढलप्या उडवू लागला. मध्येच तो थांबला, वाकला आणि ओरडलाच.

"वहिनी! इकडे या!"

"आता आणखी काय सोललंत?"

"या तर खरं!"

माझ्या पोटाच्या भिंतींवर तपकिरी डाग होते, आणि प्रत्येक डागात एक भोक. आम्ही झाडं जखम बाहेरून बुजवतो. आत ती तशीच राहते. काही भोकं ढलप्यांबरोबर गेली होती, तरी एकोणीस उरली होती.

आर्डिथने एकात बोट घातलं. "हे वाकडं का?"

लाइलने भोकापासून बाहेरपर्यंतची वलयं मोजली. "सव्वीस वर्षांपूर्वीचं."

"जेनेल झाली तो आठवडा," ती म्हणाली. "रात्ररात्र तिला घेऊन फिरायचे. हातात जीव नव्हता, तरी निघाले गिरमिट घेऊन!" आणि हसता हसता रडायला लागली. लाइलने भुशाचे हात पँटला पुसले आणि तिच्याजवळ नुसता उभा राहिला.

आता मी गॅलरीत असतो. उन्हाळ्यात जिरॅनियम फुलतं. मार्च आला की आर्डिथ जुनी माती काढते आणि एकेका भोकात बोट घालून बघते. ओल्या मातीने माझा एक कोपरा भुसभुशीत झालाय. मेपल मातीत फार टिकत नाही. कुणाच्या दारातलं झाड तुमच्या हाती आलं तर खुशाल कापा. फक्त त्यातलं काय ठेवायचं, ते आधी त्या माणसाला विचारा.

परवा लाइल जाड प्लास्टिक घेऊन आला. "आतून लावतो, वहिनी. आणखी दहा वर्षं हलणार नाही."

"आणि मी बोट कुठे घालू?"

त्याने प्लास्टिकची घडी केली आणि गाडीत नेऊन ठेवली. मी लवकर कुजणार. कुजेन.