नळाच्या पाण्याचा आजार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या थुंकीची बाटली आणि चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाची धाकधूक. व्यासपीठावर धागेबाबा पेल्यातल्या नितळ पाण्यात ती थुंकी टाकत, वरून ‘संजीवनजल’ ओतत आणि पाण्यात पांढरे धागे तरंगू लागत.

“बघा, वाकडं प्रोटीन! एकवीस दिवस माझं पाणी प्या, सरळ होईल!”

प्रोटीनची नीट घडी पडली तरच ते कामाचं, सरळ झालं की निकामी. कंपवातात बिघडणाऱ्या एका प्रोटीनची घडी समजून घेण्यात मी प्रयोगशाळेत बारा वर्षं घालवली, पण बाबांना हे कोण सांगणार?

शिवणकाम करणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, एकवीस दिवसांनंतरचा दुसरा पेला स्वच्छ निघाला होता. त्या आनंदात तिनं कंपवाताच्या गोळ्या बंद केल्या. आज अकरावा दिवस. तिला स्वतःचं बटणही लावता येईना.

“तुझ्या बारा वर्षांनी मला काय दिलं गं?” ती म्हणाली होती. ते मला फार लागलं.

पण आमच्या प्रयोगशाळेत एक सवय असते: प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एक नळी नुसत्या पाण्याची. मी तसलीच बाटली पुढे केली. धागे आले, भरघोस.

“अरेरे! मेंदूपर्यंत पोचलंय!” बाबा कळवळले.

“बाबा, हे नळाचं पाणी आहे.”

बाबा सावरले. “श्रद्धा नसली की पाणीसुद्धा आजारी पडतं!”

पेल्यांची तबकं दोन होती: नव्या रुग्णांचं आणि बऱ्या झालेल्यांचं. ताई उठली. थरथरत्या हातानं तिनं दुसऱ्या तबकातला पेला ओढला, माझ्याच बाटलीतलं पाणी त्यात सांडत-लवंडत टाकलं, वर संजीवनजल ओतलं. पाणी स्वच्छच राहिलं.

“नळ बरा झाला!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

संजीवनजलाला गुलाबाच्या अत्तराआडून स्पिरिटचा वास येत होता. पहिल्या तबकातल्या पेल्यांच्या काठावर पांढऱ्या बलकाचा पापुद्रा वाळलेला. अंड्याच्या पाण्यात स्पिरिट पडलं की बलक गोठून धागे येणारच. बऱ्या झालेल्यांना नुसतं पाणी.

ताई हसली नाही. “म्हणजे मी बरी झालेच नव्हते?”

“नाही, ताई. आणि बरं करणारं औषध अजून आमच्याकडेही नाही. गोळी फक्त हात चालता ठेवते.”

तिनं पेला खाली ठेवला. “मग डॉक्टरांना फोन लाव. गोळी पुन्हा कशी सुरू करायची, विचार.”

चमत्कार जरूर बघायला जा. फक्त एक बाटली नळाच्या पाण्याची सोबत न्या.