कलेक्टरची वैरण

कृष्णातनं गवतावर पीएच.डी. केली तेव्हा रहिमतपुरात पेढे वाटले. पेढा खाणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "गवतावर? बसून?" त्यानंतर अठरा मुली पाहून झाल्या. अठराही घरांचा निरोप साधारण एकच होता: मुलगा चांगला आहे, पण गवतात आहे.

एकोणिसावं स्थळ आष्ट्याजवळचं. मी कृष्णातचा मावसभाऊ. गाडी माझी, म्हणून मी बरोबर.

मुलीचे वडील केरबा हवालदार. चोवीस वर्षं फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी परतले आणि तेव्हापासून गावाला शेती शिकवत होते. दारात शर्यतीचा खिल्लार बैल, नाव कलेक्टर. आम्हाला आधी तो दाखवला, मग घरात घेतलं. आत त्यांची पावणेमंडळी बसली होती.

"डॉक्टर म्हंजे, म्हस अडली तर बघता?" केरबांनी विचारलं.

"नाही. मी गवतांचं वर्गीकरण करतो," कृष्णात म्हणाला. "ऊस गवतच आहे. ज्वारी, गहू, भात, बांबू, सगळं एकाच कुळातलं."

केरबा बायकोकडं वळले. "शालू, ऐकलंस का? बारा एकर तण हाय आपल्याकडं."

सगळे हसले. कृष्णात सांगू लागला की गवताची वाढ बुडातून होते, म्हणून जनावरानं शेंडा खाल्ला तरी ते मरत नाही, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी... एवढ्यात पोहे आले. गेल्या सात वर्षांत त्याचं हे वाक्य पोह्यांच्या पुढं कधी गेलेलं नाही.

पोहे समीक्षानं आणले होते. मान खाली वगैरे घातली नव्हती. तिनं सरळ त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "अजून देऊ?" त्यानं दोनदा घेतले. शेंगदाण्यानं त्याच्या अंगावर गांधी उठतात, त्यामुळं ती त्याला आवडल्याचं मला लगेच कळलं.

केरबांनी रुमालाला हात पुसले. "आमच्यात रिक्रूटची फिजिकल घेत्यात. कलेक्टरला एक पेंढी कापून आना. आधीची तीन पोरं विळ्यातच फेल गेली."

घरामागं ज्वारीचं रान होतं. वैरणीसाठी एकदा कापलेलं, बुडख्यांतून परत फुटलेलं, गुडघाभर. मोटर जळाल्यामुळं महिनाभर पाणी नव्हतं. कृष्णात वाकला, एक पान बोटांत धरलं आणि तसाच राहिला.

मागल्या दारातून शालूबाई म्हणाल्या, "आवं, त्यो फुटवा नगा घालू. किराळ लागंल. जनावर जागच्या जागी पडतंय."

"तू चहा टाक," केरबा म्हणाले.

कृष्णात माझ्या कानाशी पुटपुटला, "बरोबर बोलतायत त्या. कोवळी, तहानलेली ज्वारी. वीस मिनिटं."

"मग सांग की."

त्यानं दाराकडं बघितलं. शालूबाईंच्या शेजारी समीक्षा उभी होती. "विळा धरता येत न्हाई म्हणून शास्त्र काढलं म्हणतील. अठरा झाल्या रं," तो म्हणाला आणि कापायला बसला. कापली मात्र सुरेख. एका मापाची, वर आळा बांधलेली पेंढी.

कलेक्टरनं ती फार आवडीनं खाल्ली. केरबांनी कृष्णातच्या पाठीत थाप मारली. "पास." साखर वाटली, मे महिन्यातल्या तारखा निघाल्या. दुसरा चहा आला आणि अंगणात काहीतरी धप्पकन पडलं.

बैल आडवा झाला होता. तोंडाला फेस, पाय ताठ, श्वास भात्यासारखा. गुळाचं पाणी पाजायला गेले तर ते नाकातून बाहेर आलं. जनावरांचे डॉक्टर फोनवर "निघालो" म्हणाले आणि निघालेलेच राहिले. कलेक्टर बराच वेळ पाय झाडत होता. मग थांबला. कृष्णातनं घड्याळात बघितलं. मी त्याचा हात खाली केला.

केरबांनी त्याला विचारलं, "तुमाला कळलं न्हवतं?"

"नाही," कृष्णात म्हणाला.

केरबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. गवताच्या डॉक्टरलाच कळलं नाही म्हणजे हवालदाराची काही चूक नव्हती. ते शालूबाईंकडं वळले. "मग हिला कसं कळलं? भरल्या घरात अभद्र बोललीस, बाधलं बघ. तूच खाल्लास माझा बैल."

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. पावणेमंडळींनी मान डोलावली. कृष्णात चपलांकडं बघत राहिला. लग्न अजून ठरलेलंच होतं.

समीक्षा म्हणाली, "मुलीला काय विचारायचं असलं तर विचारू देतात ना?"

"विचार," केरबा म्हणाले.

ती कृष्णातकडं वळली. "ज्वारी तर गवत. मग ती विषारी का होते?"

गवताबद्दल त्याला हसल्याशिवाय कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, गवताला पळता येत नाही, म्हणून काही गवतांनी पानात वाळूसारखी कच भरली, काहींनी विष. कोवळ्या ज्वारीत त्या विषाचे दोन भाग वेगळ्या ठिकाणी असतात, चावलं की एकत्र येतात. पाणी तुटलं की विष वाढतं, फुलोऱ्यानंतर उतरतं. पान बघूनच अंदाज येतो, तो म्हणाला, आज तर स्पष्टच दिसत होतं.

वाक्य पहिल्यांदाच पूर्ण झालं.

केरबा आत गेले आणि दोन फावडी घेऊन आले. एक कृष्णातच्या हातात दिलं. शालूबाईंना कुणी काही म्हणालं नाही. त्यांनी कपबश्या गोळा केल्या.

खड्डा त्याच रानात, सात फूट. दुसरं फावडं माझं. मी कॉमर्सचा आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.